तिसऱ्या रांगेतला चोया

जपानहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, फुजी दिसला का. दिसला, गाडीच्या खिडकीतून, कमरेपर्यंत ढगात. पण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ पाहिले ते निवडुंग, आणि तेही जपानचे नव्हेत, अमेरिकेच्या वाळवंटातले. एवढं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. लिहिताना तसं कोणाला करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी माझ्याविषयी. पुण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. स्वभावाने संशयी आहे. घरात हे सर्वांना मान्य आहे, मलाही. आमचे हे म्हणतात, ही आंब्याच्या पेटीत आधी तळचा थर बघते आणि माणसांचंही तेच करते. त्यात मला वाईट काही वाटत नाही. तळचा थर कोणीतरी बघायलाच हवा.

आमची मुलगी केतकी त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक आहे. ऑक्टोबरात तिचा फोन आला, "आई, नोव्हेंबरात ये ना. पानं लाल होतात तेव्हा फार सुंदर असतं इथे." ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, पण लांबचा प्रवास नको होता. मी एकटीच निघाले. मुलीने आपण होऊन बोलावलं याचा मला इतका आनंद झाला होता की सामानात तिच्यासाठी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला भरताना मी गाणं म्हणत होते. मी सहसा गाणं म्हणत नाही.

त्सुकुबा

त्सुकुबा हे कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं शहर आहे. रस्ते सरळ, दुतर्फा गिंकोची झाडं, मधूनमधून एकसारख्या दिसणाऱ्या संस्थांच्या इमारती. गिंकोची पानं पिवळीधमक झाली होती. त्यांच्याखालून सायकलवर शास्त्रज्ञ जात होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. इतकी शांतता मला मानवत नाही. आमच्या सोसायटीत अशी शांतता झाली की समजायचं, कुणाचं तरी भांडण नुकतंच संपलंय.

केतकीच्या घराजवळ एका शेताच्या कडेला लाकडी फळीवर मुळे, पर्सिमनची केशरी फळं आणि पालकाच्या जुड्या ठेवलेल्या असत. विकणारा कोणी नाही. शेजारी एक डबा, त्यात पैसे टाकायचे आणि भाजी न्यायची. मी पहिल्या दिवशी समोरच्या बाजूला उभी राहून पाहिलं, कुठूनतरी कोणीतरी लक्ष ठेवून असणारच. एक आजीबाई आल्या, पैसे टाकले, मुळा घेतला आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. डब्यावर लक्ष ठेवणारी मीच आहे असं त्यांना वाटलं असावं.

जेवणाचा संशय मात्र मी मुळीच सोडला नाही आणि तो खरा निघाला. मी शाकाहारी. तिथे दाशी नावाचं एक पाणी असतं, सुक्या माशाचं. ते सूपमध्ये असतं, भाज्यांच्या रश्शात असतं, अंड्यात असतं, नुसत्या उकडलेल्या मुळ्यातही असतं. "यात मासा आहे का?" असं विचारलं की हसून "नाही" म्हणतात, कारण त्यात माशाचा तुकडा नसतो. केतकी म्हणाली, "आई, ते खोटं बोलत नाहीत. तू प्रश्न चुकीचा विचारतेस." त्यानंतर मी कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, प्रत्येक ओनिगिरीवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचल्याशिवाय भाताचा तो त्रिकोण उचलला नाही. कचऱ्याचंही तेच. पारदर्शक पिशवीतूनच टाकायचा, म्हणजे आपण काय खाल्लं ते अख्ख्या गल्लीला दिसावं. "वर्गीकरणासाठी आहे ते," केतकी म्हणाली. असेल.

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मियाता-सान आले. हे केतकीच्या शेजारच्या टेबलावर बसणारे इंजिनियर. चाळिशीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. दारातच बूट काढून, ते उलटे फिरवून, टोकं दाराकडे करून नीट जोडीने ठेवले. पिशवीत पर्सिमन होते, प्रत्येक फळ वेगळ्या कागदात. मला "ओकासान" म्हणजे आई म्हणून वाकले, चहा अर्धा प्यायले आणि गेले.

"बरे आहेत की," मी म्हटलं.

"बरे आहेतच," केतकी म्हणाली. "मार्चमध्ये आमच्या दोघांचंही कॉन्ट्रॅक्ट संपतं. रिन्यू एकाचंच होणार आहे."

"आणि तो तुला फळं आणून देतो?"

"मला नाही, तुला."

मी सगळे पर्सिमन कागदातून काढून बुडाशी दाबून पाहिले. एकही सडका नव्हता. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही.

ग्रीनहाऊस

केतकीचं काम थोडक्यात सांगते. चोया नावाचे निवडुंग आहेत. आपला फड्या निवडुंग चपटा असतो, हे गोल कांड्यांचे. कांडीवर कांडी जोडून झाड बनतं, आणि ही कांडी जराशा धक्क्याने निखळून माणसाला चिकटते. काट्याच्या टोकाला सूक्ष्म उलटे खवले असतात, त्यामुळे आत शिरलेला काटा बाहेर यायला तयार नसतो. हीच पकड वापरून जखमेचे टाके न घालता कातडी जोडून ठेवता येईल का, असा तिथला प्रयोग. कोणत्या जातीचा काटा जास्त घट्ट धरतो, हे केतकी शोधत होती. झाडं तिची, काटा ओढून जोर मोजायचं यंत्र मियाता-सानचं. अंतिम रिपोर्ट आठवड्याभरात द्यायचा होता आणि त्यावरच पुढचं कॉन्ट्रॅक्ट ठरणार होतं.

ग्रीनहाऊसच्या दारात बूट बदलायचे, कोपरापर्यंतच्या कापडी बाह्या चढवायच्या, जाड हातमोजे घालायचे. आत ऊब होती आणि कोरड्या मातीचा वास. कितीतरी वर्षांनी मला वर्गात शिरल्यासारखं वाटलं. मियाता-सान एका कोपऱ्यात यंत्राची वायर गुंडाळत होते.

चोयांच्या जाती ओळखणं हे चिडका माणूस आणखी चिडेल असं काम आहे. दुरून सगळे सारखे. टेडी बेअर नावाचा चोया आहे, नाव ऐकून फसू नये. त्याला इतके दाट सोनेरी काटे असतात की खालची साल दिसतच नाही, उन्हात लोकरीसारखा दिसतो. दुसरा साखळीचा चोया. त्याला फळाखाली फळ, त्याखाली आणखी फळ, अशा हिरव्या माळा लोंबतात. काटे जरा विरळ, मधून हिरवी साल दिसते. तिसरा चंदेरी. चोयाच्या काट्यावर कागदासारखं पातळ म्यान असतं, ते याचं रुपेरी असतं. पण चंदेरीतही सोनेरी म्यानाचे निघतात, मग तो टेडीसारखा दिसतो. कुंडीतल्या लहान झाडांना फुलं नाहीत, फळं नाहीत. तेव्हा उरतात काटे आणि कांडीवरचे उंचवटे, ज्यांच्यावर काटे उगवतात. टेडीचे उंचवटे लहान, लांबीला-रुंदीला सारखे. साखळीचे मोठे, फुगीर, लांबट.

पहिली रांग चंदेरी, दुसरी साखळी, तिसरी टेडी. केतकी एकेक दाखवत गेली. तिसऱ्या रांगेच्या शेवटच्या कोपऱ्यात मी थांबले. तिथल्या काही कुंड्यांमधून हिरवी साल सरळ दिसत होती.

"हे टेडी?"

"हो." केतकी दुसरीकडे बघत होती. "त्या कोपऱ्यात लाइट कमी पडतो. लाइट कमी पडला की काटे कमी येतात ना."

हे खरं आहे. उजेड कमी पडला तर कांडी लांबते आणि उंचवटेही ताणले जातात. पण मी तिला लहानपणापासून ओळखते. अभ्यास झाला नसला की ती असंच कारण तयार ठेवून बोलायची. मी मियाता-सानकडे पाहिलं. ते वायर गुंडाळायचं थांबवून आमच्याकडे बघत होते. मी पाहिल्यावर त्यांनी मान लववली आणि पुन्हा वायर हातात घेतली.

संध्याकाळी थालीपीठ थापताना मी म्हटलं, "केतकी, कोपऱ्यातल्या त्या कुंड्या टेडी नाहीत, असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"खात्री नाही. मी चोया आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय. मोठी झाडं बघायला मिळाली तर सांगेन."

मला वाटलं ती हसेल किंवा चिडेल. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "शनिवारी जाऊ. समुद्राकडे एक बाग आहे. मियाता-सानकडे गाडी आहे."

मला हे आवडलं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच गाडीतून पुरावा बघायला जायचं.

समुद्राकाठची बाग

इझूच्या किनाऱ्यावर डोंगराच्या उतारावर मोठमोठ्या काचेच्या घुमटांखाली निवडुंग लावले आहेत. रस्त्यात तो अर्धा फुजी. मियाता-सान गाडी अशी चालवत होते की जणू मागे परीक्षक बसले आहेत. त्यांनी माझ्यासाठी खास शोधून आणलेली ओनिगिरी दिली, आत फक्त खारवलेलं आंबट प्लम. तरी मी कॅमेरा धरलाच. त्यांनी आरशातून पाहिलं आणि इंग्रजीत सावकाश म्हणाले, "ओकासान, मी दोनदा वाचलंय." मला जराशी लाज वाटली, पण भाषांतर पूर्ण होईपर्यंत मी थांबले. खरंच नुसतं प्लम होतं.

घुमटाखाली वाळवंट होतं आणि बाहेर निळाशार समुद्र. तिथे मोठी झाडं पाहिली आणि डोकं एकदम साफ झालं. टेडीला खाली एकच खोड, काळपट, आणि वर सोनेरी आखूड हातांचा झुबका. साखळीचं झाड माणसाहून उंच, फांद्या खाली झुकलेल्या, फळांच्या माळा जमिनीकडे लोंबणाऱ्या. नवीन फळ जुन्या फळातूनच निघतं, वर्षानुवर्षं. चंदेरी झुडपासारखा, बुंध्यापासूनच फुटलेला. टेडीखाली पडलेल्या कांड्यांचा सडा होता. त्या आडव्या पडल्या होत्या आणि जिथे मातीला टेकल्या तिथून मुळं फुटून नवी झाडं वर येत होती. चोया बियांपेक्षा असाच जास्त पसरतो. मी वाकून उंचवटे बघितले, मग साखळीचे बघितले, मग पुन्हा टेडीचे. उजेड कितीही कमी केला तरी याचं ते होणार नाही, एवढं मला कळलं.

आनंदाने मी वळले आणि माझ्या शालीला एक कांडी लागली. ती काढायला हात घातला तर तळहाताला चिकटली. काय आग झाली म्हणून सांगू. केतकी "हात लावू नकोस, आई, हात लावू नकोस" म्हणत होती. मियाता-साननी शर्टाच्या खिशातून फणी काढली, काट्यांमध्ये घातली आणि एका झटक्यात कांडी उडवली. उरलेले काटे चिमट्याने काढताना ते प्रत्येक काट्यागणिक "सॉरी" म्हणत होते. फणी खिशात ठेवून हिंडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मनात म्हटलं, याला सगळं आधीच कसं माहीत असतं.

मग त्यांनी खाली पडलेली ती कांडी फणीने उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन उभी करून ठेवली. पडू नये म्हणून थोडी वाळू सारली. ते झाड चंदेरी होतं. कांडी टेडीची होती. माझा हात ठणकत होता, त्यामुळे मी काही बोलले नाही.

पुन्हा ग्रीनहाऊस

सोमवारी मी केतकीला म्हटलं, मला आत घेऊन चल आणि स्वयंपाकाच्या लांब काड्या दे. जपानी लोक ज्यांनी तळण उलटतात, त्या. चिमट्यापेक्षा बऱ्या.

तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या कुंडीतली माती मी काड्यांनी सावकाश बाजूला केली. मूळचा टेडी सापडला. काट्यांसाठी वर्षभर कापून कापून त्याचा खुंट उरला होता आणि तो आतून कुजून काळा झाला होता. त्याला लागूनच हिरवं झाड उभं होतं, स्वतःच्या मुळांवर. उंचवटे मोठे, फुगीर, लांबट. साखळीचा. दुसऱ्या रांगेतल्या फांद्या वाटेवर झुकलेल्या होत्याच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीला लागून कांडी निखळली असणार. इथपर्यंत निसर्ग. पण निखळलेली कांडी आडवी पडते आणि कुशीतून मुळं फोडते. ही सरळ उभी होती. बूड खाली, शेंडा वर, आजूबाजूला माती दाबलेली. मी पुढची कुंडी उकरली. तीही उभी. त्याच्या पुढची पण.

"केतकी, ह्या पडलेल्या नाहीत. कोणीतरी लावल्या आहेत."

त्या कुंड्यांमधले काटे तिने टेडीचे म्हणून मोजायला दिले होते. म्हणजे रिपोर्टमधला टेडीचा मोठा भाग साखळीचा होता. माझ्या डोळ्यांसमोर इझूची वाळू आली आणि त्या वाळूत कांडी उभी करणारा हात आला. मला संताप आला. आपल्या मुलीच्या दोन वर्षांच्या कष्टांवर एखाद्याने इतक्या सभ्यपणे पाणी ओतावं आणि वर कागदात गुंडाळून फळं आणावीत.

मियाता-सान आतल्या टोकाला यंत्रापाशी होते. मी हातमोज्यांसकट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या इंग्रजीत विचारलं, "या कांड्या तुम्ही लावल्या का?"

केतकी मागून "आई" म्हणाली. तिथे असं कोणी कोणाला विचारत नाही, हे मला दोन आठवड्यांत कळलं होतं. पण मी थोडीच तिथे नोकरीला होते.

ते कुंड्यांपाशी आले, वाकले, आणि बराच वेळ बघत राहिले. "लावल्या नाहीत," ते म्हणाले. "ठेवल्या."

मग त्यांना इंग्रजी पुरेना. ते जपानीत बोलत गेले आणि केतकी मला सांगत गेली. गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या ऑपरेशनसाठी केतकी पुण्याला आली होती, तेव्हा झाडांवर लक्ष ठेवायचं काम मियाता-सानकडे होतं. वाटेत कांड्या पडलेल्या दिसायच्या. पायाखाली आल्या असत्या, आणि टाकून देणं शक्य नव्हतं, कारण त्या केतकी-सानच्या होत्या. म्हणून त्यांनी त्या उचलून जवळच्या कुंडीत उभ्या केल्या, परत आल्यावर तिला चटकन दिसाव्यात म्हणून. रस्त्यात कोणाचा हातमोजा पडलेला दिसला तर तिकडे तो उचलून जवळच्या कुंपणाच्या खांबावर अडकवून ठेवतात. मालक शोधत आला की त्याला सापडतो. तसंच. केतकी आली तेव्हा त्यांना वाटलं, तिने पाहिलं असेल, काही म्हणाली नाही म्हणजे ठीक असेल. मग त्यांनीही तो विषय काढला नाही.

हे सांगून झाल्यावर त्यांनी केतकीला एक प्रश्न विचारला.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"विचारतायत, त्या जिवंत होत्या का."

या माणसाने हजारो काटे ओढून त्यांचा जोर मोजला होता. तुटलेली कांडी मुळं धरते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते केतकीसमोर इतके वाकले आणि इतका वेळ तसेच राहिले की शेवटी मीच "पुरे, पुरे" म्हटलं, मराठीत.

माझा संताप गेला. संशय लगेच जात नाही, त्याला वेळ लागतो.

गिंकोखाली

दुपारी आम्ही दोघी संस्थेबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसलो. वरून पिवळी पानं गळत होती. इतक्या दिवसांत मी ती अशी बसून पाहिलीच नव्हती. केतकीने डबा उघडला नाही.

ग्रीनहाऊसमध्ये माझं लक्ष मियाता-सानवर होतं. आता ते केतकीकडे वळलं. मी माती उकरत होते तेव्हा ती दचकली नव्हती. "कोणीतरी लावल्या आहेत" म्हटल्यावर तिने "असं कसं" विचारलं नव्हतं. विचारल्याशिवाय मला राहवेना.

"तुला माहीत होतं."

"पूर्ण नाही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. टेडीचे नंबर दोन वेगळ्याच ग्रुपमध्ये पडत होते. मी त्या कुंड्या बघायचे आणि परत यायचे. उकरून नाही बघितलं."

"का नाही?"

"उकरलं असतं तर मला माहीत झालं असतं, आई."

मग ती म्हणाली, "आणि मला वाटत होतं त्यांनी मुद्दाम केलं. आमच्यात एकच पोस्ट आहे. पण इथे मी त्यांना विचारलं असतं तर ते आरोप केल्यासारखं झालं असतं. नुसतं विचारण्यानेच. मग मी राहिले काय आणि गेले काय, त्या रूममध्ये परत बसता आलं नसतं."

"म्हणून मला बोलावलंस."

तिने होकाराची मान हलवली. "मी काही सांगायची गरज नव्हती. तुला संशय येणार हे मला माहीत होतं. आणि आला की तू विचारणार. तुला चालून जातं, तू पाहुणी आहेस. बाबा पण म्हणाले, आईला पाठवतो, ती सोडणार नाही."

म्हणजे ह्यांनाही माहीत होतं. लाल पानं, सुंदर हवा, गुडघा, सगळं ठरवून. मला फार वाईट वाटलं. मला वाटलं होतं की तिला माझी आठवण आली. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, काट्यांची आग म्हणायची सोय होती पण तीही मी घेतली नाही.

"एक सांग," मी म्हटलं. "मी काहीच बोलले नसते तर? मला कळलंच नसतं तर? रिपोर्ट तसाच दिला असतास?"

एक सायकल गेली. मग दुसरी गेली. "माहीत नाही," केतकी म्हणाली.

"नाही" म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे. "माहीत नाही" यावर मात्र माझा चटकन विश्वास बसला, आणि मी तिचा हात धरला. डाव्या हाताने, उजव्याला अजून पट्टी होती. ती म्हणाली की उद्या सकाळी ती प्रोफेसरांना सगळं सांगणार आहे, मार्चचं जे व्हायचं ते होऊ दे. मग आम्ही मेतकूट-भात खाल्ला.

परतीचा दिवस

दुसऱ्या दिवशी केतकी प्रोफेसरांच्या खोलीशी पोचली तर मियाता-सान तिथे आधीच उभे होते. मी हे ऐकून म्हटलं, "आधी जाऊन त्याने काय सांगून ठेवलं असेल?" केतकीच्या म्हणण्याप्रमाणे ते आत गेलेच नव्हते, दाराबाहेर तिची वाट बघत होते, आणि आत गेल्यावर सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. केतकी म्हणाली, झाडं माझी होती, बघायचं काम माझं होतं. प्रोफेसरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. टेडीचं काम पुन्हा करायचं, रिपोर्ट दोघांनी मिळून नंतर द्यायचा. कॉन्ट्रॅक्टबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. हे सगळं मला केतकीच्या भाषांतरातून कळलेलं आहे, तेवढंच तुम्हाला सांगते.

निघायच्या दिवशी मियाता-सान बसथांब्यावर आले. माझ्या हाताची पट्टी बघून पुन्हा "सॉरी" म्हणाले आणि एक छोटी पुडी दिली. आत फणी होती, लाकडी, नवीकोरी. मी आभार मानले. फणी कसली, कितीची, आता कशासाठी दिली, असलं काही मनात आलं नाही असं नाही, पण मी ती केसांत घालून दाखवली आणि ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. नंतर ते मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले, आम्हाला बोलता यावं म्हणून.

"रागावलीस?" केतकीने विचारलं.

"हो."

"अजून?"

"हो. आणि बाबांवर जास्त. त्यांना घरी गेल्यावर बघते."

ती हसली. ती किती दमलेली दिसत होती ते मला तेव्हा नीट दिसलं. मार्चनंतर ही इथे असेल की पुण्यात, की आणखी कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मला काही करता येण्यासारखं नव्हतं. बस आली. ड्रायव्हरने माझी बॅग माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतली.

"केतकी, पुढच्या वेळी काम नसताना बोलाव," मी म्हटलं. "कुठेही अस. नुसतं ये म्हण, मी येईन."

"हो आई, नक्की," ती म्हणाली. इतकी लगेच म्हणाली, की मला संशय आला.